कॉलेज नकोच म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, रामराम. बारावीच्या निकालानंतर मी लिहिलं होतं की पोरगी पास झाली असेल तर मार्कांचा हिशोब बाजूला ठेवा आणि तिला पुढं शिकवा, त्यावर तुमची कमेंट आली, दोनदा वाचली मी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की थोरल्याच्या इंजिनिअरिंगसाठी अर्धा एकर रान विकलं आणि तो आज एमआयडीसीत पंधरा हजारावर आहे, पुतण्या दहावीनंतर गलाईला म्हणजे सोनंचांदी गाळायच्या धंद्याला गेला त्यानं बंगला बांधला, कर्मवीर अण्णा आणि वसंतदादा कुठं डिग्र्या घेऊन बसले होते, आणि माझ्यासारखी फॉर्म भरून देणारी माणसं लोकांच्या पोरांना खड्ड्यात घालतात. धाकटी यंदा बारावी झालीय, तिला आता पुढं शिकवायचं नाही असंही लिहिलंय. ही शेवटची ओळ नसती तर मी एवढं लांब उत्तर लिहिलं नसतं.

रान गेल्याचं दुःख मी समजू शकतो, विट्यात आमच्या सेंटरवर निकाल लागला की जी गर्दी होते त्यात असे बाप दरवर्षी भेटतात. पण रान डिग्रीनं खाल्लं की फीनं खाल्लं हे आधी बघायला पाहिजे. खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं महाराष्ट्रात १९८३ ला सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादाच होते. त्यामुळं आपल्याकडची कितीतरी शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली हे खरंच आहे, पण पुढं कॉलेजं इतकी निघाली की कॅप राऊंड (सरकारी ॲडमिशनच्या फेऱ्या) संपले तरी सीटा शिल्लक राहायला लागल्या, मग एजंटचे फोन सुरू, मॅनेजमेंट कोट्यात लगेच बसवतो, डोनेशन कमी करून देतो, आणि बाप घाबरून हो म्हणतो कारण गावात सांगितलेलं असतं की पोरगा इंजिनिअर होणार. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं, तिथं कॅपमधनं लागलेला पोरगा आणि कुठल्यातरी माळावरच्या कॉलेजात पैसे भरून बसलेला पोरगा, दोघांच्या हातात कागद बी.टेक.चाच, पण त्या कागदाला मोजलेली किंमत आणि मिळालेलं शिक्षण दोन्ही वेगळं. ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या ब्रँचला एनबीएची (कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का, शिकवणारे कायम आहेत की दर सहा महिन्याला बदलतात, मागच्या बॅचची पोरं खरोखर कुठं कामाला आहेत, एवढं तिथल्याच शेवटच्या वर्षाच्या पोरांना चहाच्या गाड्यावर गाठून विचारावं. जमीन विकून डिग्री घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते सेंटरवर तोंडावर सांगतो.

आणि आयटीआय किंवा डिप्लोमा म्हणजे डिग्रीला सोडचिठ्ठी हा पण एक गैरसमज आहे. दोन वर्षाचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. फिटर इलेक्ट्रिशियन झालेला पोरगा मधेच दोन वर्षं काम करून, हातात चार पैसे घेऊन परत शिकायला येऊ शकतो.

आता गलाईचं. खानापूर आटपाडीच्या माणसांनी काय करून दाखवलंय ते मला कोणी सांगायला नको, दुष्काळी भागातनं उठून केरळपासून वरती पार उत्तरेपर्यंत प्रत्येक सराफ बाजारात आपला माणूस बसलाय, सोनंचांदी गाळतोय, मला त्याचा अभिमान आहे. पण काका तुमचा पुतण्या गेला तो कुणाच्या तरी ओळखीनं गेला ना? मामा, चुलता, मेव्हणा कोणीतरी तिथं आधी असतंय, तो राहायला जागा देतो, धंद्याची खुबी शिकवतो, सराफाकडं शब्द टाकतो, कारण दुसऱ्याचं सोनं हातात घ्यायचं म्हणजे विश्वासाचं काम. ज्याचा कोणी नाही त्यानं काय करायचं? बंगला रस्त्यावरनं दिसतो, ॲसिडच्या धुरात वर्षं काढून मोकळ्या हातानं परत आलेला दिसत नाही, तो गुपचूप दुसऱ्याच्या मागावर कामाला लागतो. आणि ज्यांचा जम बसलाय ते सेठ लोक स्वतःच्या पोरांना काय करतायत तेही बघा, इंग्लिश मीडियम, सीए, फार्मसी. त्यांना कळलेलं आहे.

शिवाय गलाईला पोरी जात नाहीत. तुमच्या अख्ख्या कमेंटमधे धाकटीसाठी एक रस्ता दाखवलेला नाही, गलाई नाही, आयटीआय नाही, काहीच नाही.

अण्णा आणि वसंतदादांचं नाव तुम्ही काढलं म्हणून सांगतो. कर्मवीर मॅट्रिकच्या पुढं गेले नाहीत, दादा तर शाळाच फार शिकले नाहीत, बरोबर. पण मग कर्मवीरांनी आयुष्यभर काय केलं? १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एकत्र ठेवून बोर्डिंग काढलं, पोरांच्या पोटासाठी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं आणि तिथं पोरांना काम करून शिकायला लावलं. शिक्षण नसलं तरी चालतंय असं वाटणारा माणूस हे करेल का? त्यांनी पोरांच्या बापाला रान विकायला नाही सांगितलं, पोरांना कष्ट करून शिकायला सांगितलं, स्वस्तात आणि मानानं. पुणे विद्यापीठानं १९५९ ला त्यांना डी.लिट. दिली ती याच कामासाठी. आणि आपल्या विट्यातलं बळवंत कॉलेज कुणाचं आहे, रयतचंच ना.

मी म्हणतोय ती डिग्री ही आहे काका. जवळचं अनुदानित कॉलेज, शिवाजी विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., सोबत टॅली म्हणा, टायपिंग म्हणा, दुकानात अर्धवेळ काम म्हणा. तेवढ्यानं नोकरी लागेलच असं मी कधी लिहिलं नाही, लिहिणार नाही. पण पोलीस शिपाई बारावीवर होता येतं, अग्निवीर दहावीवर (तेही चार वर्षं, पुढं शंभरातले पंचवीसच कायम), मात्र तलाठी, बँकेतला क्लार्क, राज्यसेवा यातलं काहीही म्हटलं की फॉर्मवर पहिला रकाना पदवीचा. कुठली पदवी ते बहुतेक ठिकाणी विचारतही नाहीत, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पण चालते, पण पाहिजे. तिशीतल्या बायका सेंटरवर येतात, नवरा गेलेल्या, सोडलेल्या, सासरी न पटलेल्या, भरती निघालीय म्हणून फोन बघून येतात आणि बारावीवर गाडी अडते. त्यांना फॉर्म भरायची शेवटची तारीख सांगता येते, गेलेली वर्षं नाही देता येत. मला यापेक्षा जास्त वाईट सेंटरवर दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

आणि पोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्या पगाराच्या हिशोबात येत नाही. पोरगी कॉलेजला जाते तोपर्यंत स्थळं थांबतात. ती तीन वर्षं एसटीनं एकटी जाते येते, बँकेत स्वतः खातं उघडते, चार माणसांत बोलते, अठराव्या वर्षी जिला आपण विचारत नव्हतो ती एकविसाव्या वर्षी स्वतःहून सांगते की हे स्थळ मला नको. ते तुम्हाला आवडेल न आवडेल, तिच्या जन्माला पुरतं.

पैशाचं म्हणाल तर परिस्थिती बदललीय. २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीत बसायला पाहिजे, आणि ॲडमिशन सरकारी प्रक्रियेतनं झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. नवीन शैक्षणिक धोरणात एका वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चार केली तर ऑनर्स, म्हणजे मधे अडचण आली तर झालेलं शिक्षण वाया जात नाही, परत येऊन पुढचं करता येतं. थोरल्याच्या वेळी यातलं काही नव्हतं म्हणून धाकटीनं घरात बसायचं, हे मला पटत नाही.

धाकटीला मार्क कमी पडलेत का ते तुम्ही लिहिलं नाही. पडले असतील तरी बी.ए. बी.कॉम.ला अडचण येत नाही, एखादा विषय गेला असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा, आणि पेपर नीट तपासला नाही असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा आणि मग पुनर्मूल्यांकन, तारखा थोड्याच दिवसाच्या असतात. बाकी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल आत्ताच काढायला टाका, ओबीसी किंवा एसईबीसीत बसत असाल तर नॉन-क्रिमिलेयर आणि जात पडताळणी पण, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही आणि तिथंच पोरी मागं राहतात. कागद घेऊन तिला सेंटरवर पाठवा, तुम्ही पण या. फॉर्मचे पैसे मी घेणार नाही, आणि कुठं भरायचा ते तिला विचारूनच भरू.