पडलेला तुकडा घरात ठेवू नका

काकूंनी काल घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. 'फ्रान्सच्या अवकाश संस्थेत यूएफओचं गुप्त खातं आहे. एक तृतीयांश प्रकरणं परग्रहवासीयांची, हे त्यांनीच मान्य केलंय. नासा तक्रारी दाबते. आभाळातून काही पडलं तर सरकारला कळवू नका, पुरावा घरी ठेवा.'

आधी शेवटचं वाक्य, कारण ते जीवावर बेतू शकतं. 2 एप्रिल 2022 ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. उल्का दोन-चार सेकंदांत विझते. रॉकेटचा सांगाडा सावकाश, जवळजवळ आडवा, तुटत तुटत जातो. असल्या टाक्यांत हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं, काहींत दाबाखालचा वायू. हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं, 112 ला फोन करायचा. 'सरकार उचलून का नेतं?' तर 1968 चा आंतरराष्ट्रीय करार आहे: सापडलेली वस्तू, मागणी झाल्यास, ज्याची त्याला परत द्यायची.

आता ते 'गुप्त' खातं. नाव जेईपान, तुलूजमध्ये, 1977 पासून (तेव्हा नाव जेपान). 2007 पासून प्रकरणं वेबसाइटवर, साक्षीदारांची नावं तेवढी काढून. फ्रान्समध्ये कोणाला काही दिसलं तर तो प्रश्नावली भरतो किंवा जांदार्मरीकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, जबाब देतो. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची, किती वेळ दिसलं, शिवाय हाताने काढलेलं चित्र. मग विमानं, उपग्रह, ग्रह-तारे, हवामान यांच्याशी ताळा.

निकाल चार वर्गांत: ए म्हणजे ओळख पटली, बी म्हणजे बहुधा पटली, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे नीट तपासूनही उलगडा नाही. मेसेजवाल्याने सी आणि डी यांची बेरीज करून 'परग्रहवासी' लिहिलंय! सी म्हणजे काय? 'मागच्या उन्हाळ्यात, रात्री, टेकडीच्या वर दिवा दिसला.' कोणती रात्र? किती वाजता? कोणत्या दिशेला? वेळच नाही तर शुक्र होता की विमान, ताळा कशाशी घालणार? रडारच्या नोंदीही कोणी कायम जपून ठेवत नाही. म्हणून फाइल सीमध्ये जाते. उरला डी: जुनी प्रकरणं नव्याने तपासल्यावर तो तीनेक टक्क्यांवर आलाय. त्याचाही अर्थ 'कळलं नाही' एवढाच.

नासाचं थोडक्यात. लोकांच्या तक्रारी नोंदवणारा कक्षच तिच्याकडे नाही, दाबणार काय? तिने नेमलेल्या 16 जणांच्या गटाचा अहवाल सप्टेंबर 2023 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. परग्रहाचा पुरावा नाही, आणि चांगली मोजमापंही नाहीत, असं त्यात आहे.

लपवाछपवी झालीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत दिसलेल्या बऱ्याच 'तबकड्या' म्हणजे यू-2 ही अमेरिकेची हेरगिरीची विमानं होती आणि लोकांना मुद्दाम भलतीच कारणं सांगितली गेली, हे सीआयएच्याच 1997 मध्ये छापलेल्या इतिहासात आहे. मेसेजमध्ये यू-2 चं नावही नाही.