बर्फातल्या कोंबड्यांना फटी लागतात

कॅनडा आणि अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या ‘हिवाळ्यात कोंबड्या वाचवण्याचे पाच उपाय’ हा संदेश जोरात फिरतो आहे. खुराड्याची प्रत्येक फट बुजवा, उष्णतेचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवा, पाणी ठेवू नका कारण कोंबड्या बर्फ खातात, अंगणावरच्या जाळीवर बर्फ साचू द्या म्हणजे आत ऊब राहील आणि तुऱ्याला व्हॅसलीन चोळा, असे ते उपाय आहेत. ओटावाजवळच्या गावात कोंबड्या पाळणाऱ्या माझ्या आत्येबहिणीने त्यांतला पहिला तत्परतेने अमलात आणला आणि छताखालच्या झरोक्यांत फोम भरून टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक उपाय तोच आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते, आणि पिसे फुलवून बसलेली धडधाकट, पूर्ण वाढलेली कोंबडी कोरडी थंडी चांगली सोसते. तिला सोसत नाही तो ओलावा. रात्रभराचा श्वास आणि ताजी विष्ठा यांतून निघणारी वाफ बंद खुराड्यात कोंडते, तुऱ्यावर बसते, आणि पहाटे पारा उतरला की तिथेच गोठून तुऱ्याचे टोक काळे पडते. सकाळी काचेवर आतून हिमाचा थर दिसला किंवा दार उघडताच अमोनियाने डोळे चुरचुरले, तर हवा खेळत नाही हे ओळखावे. ही काही आजची शहाणीव नाही. अमेरिकेतील डॉ. प्रिन्स टी. वुड्स यांनी 1912 सालीच एक अख्खे पुस्तक लिहून उघड्या दर्शनी बाजूच्या खुराड्यांचा पुरस्कार केला होता, आणि तोही सर्व हवामानांसाठी. दक्षिणेची बाजू जाळी लावून उघडी ठेवायची आणि उरलेल्या तीन बाजू घट्ट बंद करायच्या, म्हणजे कोंबड्या रात्री ज्यावर बसतात त्या मागच्या दांडीपर्यंत वारा पोहोचत नाही, एवढी साधी त्यामागची युक्ती. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, हे संदेशातले अर्धसत्य मला मान्य करावेच लागते. पण त्यासाठी झरोके दांडीच्या बरेच वर, छतालगत असावेत, बुजवलेले नसावेत.

दिव्याबद्दल थोडक्यात सांगतो. 250 वॅटचा तापलेला दिवा, खाली सुका भुसा आणि फडफडणारे पक्षी ही आगीची सामग्री आहे. शिवाय वीज गेली तर उबेला सरावलेल्या कोंबड्या एका रात्रीत उघड्या पडतात, आणि जानेवारी 1998 च्या गोठणाऱ्या पावसाच्या वादळात याच भागातील लक्षावधी घरे अंधारात होती, काही तर कित्येक आठवडे.

कोंबड्या बर्फाला चोच मारतात, हे खरे. मात्र अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागते, आणि भुसभुशीत बर्फातून तेवढे मिळवायचे तर तिला दोन-अडीच लिटर बर्फ गिळून स्वतःच्या अंगच्या उष्णतेने वितळवावा लागेल. त्यापेक्षा भांडे अंगणात ठेवून दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी भरणे सोपे.

व्हॅसलीनने फारसे नुकसान नाही, फायदाही बेताचाच. क्वेबेकमधील ओका मठाच्या ब्रदर विल्फ्रिड यांनी थंडीसाठी शांतक्लेर ही जात तयार केली, तीच मुळी बारीक तुऱ्याची, म्हणजे गोठायला तुराच फारसा उरत नाही.

जाळीवरच्या बर्फाचा उपाय मात्र वाचून हसावे की रडावे कळेना. तीन बाय चार मीटरच्या अंगणावर 30 सेंटिमीटर हलका बर्फ साचला, तरी त्याचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. ओला असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. बर्फ बारीक जाळीच्या छिद्रांतून खाली पडत नाही, तारांना चिकटून थर धरतो आणि जाळी खांबांसकट खाली बसते. तेव्हा वर उताराचा पत्रा घालावा, त्याखाली मजबूत वासे द्यावेत आणि साचलेला बर्फ लांब दांड्याच्या फावड्याने वेळच्या वेळी ओढून काढावा. वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे बहुधा उत्तरेला आणि पश्चिमेला, प्लॅस्टिक ताणून बांधावे, दक्षिण मोकळी सोडावी आणि खाली गवताचा जाड थर पसरावा, कारण बहुतेक कोंबड्या उघड्या बर्फावर पाय टाकायला तयार होत नाहीत. आत्येबहिणीला मी आधी फोम काढायला सांगितले आहे. पत्र्याचे काम पहिल्या मोठ्या हिमवर्षावाआधी उरकावे लागेल.