आधी गाड्या, मग फ्लॅट: पॅरिसच्या त्या फॉरवर्डला उत्तर

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: "युरोपात हॉटेलवर पैसे उधळू नका. पॅरिसमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घ्या, दोन कुटुंबं आरामात मावतात. शहराबाहेर घेतलात तर आणखी स्वस्त. मग युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) काढा आणि वाटेल त्या गाडीत चढा, रिझर्व्हेशनची कटकट नाही. लंडनही एका दिवसात उरकतं."

पॅरिसमध्ये राहत होते तेव्हा हा फॉरवर्ड वाचून आलेल्या पाहुण्यांना मी स्टेशनवरून घरी आणलं आहे, म्हणून लिहिते.

"दोन खोल्यांत दोन कुटुंबं." फ्रान्समध्ये खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत, पण दिवाणखाना धरतात. त्यामुळे तिथला 'द्यू पिएस' म्हणजे आपला वन बीएचके. स्टुडिओ म्हणजे वन आरके, आणि २० चौरस मीटरचा असेल तर जेमतेम २१५ चौरस फूट. जाहिरातीत 'चार जण' लिहिलेलं असतं ते सोफा उघडून त्याचा पलंग होतो म्हणून. शिवाय जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. माझ्या काका-काकूंनी छपरांच्या सुंदर दृश्यावर भाळून सहावा मजला घेतला होता. चार बॅगा, त्यातली एक निव्वळ खाऊची. ते दृश्य काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं.

कायद्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. मालक स्वतः राहतो ते घर पर्यटकांना वर्षात किती दिवस देता येतं याला पॅरिसमध्ये मर्यादा आहे. आधी ती १२० दिवस होती, १ जानेवारी २०२५ पासून ९० झाली. जाहिरातीत नगरपालिकेचा १३ अक्षरा-अंकी नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. तो दिसत नसेल, किंवा मालक "बाहेरून पैसे पाठवा, स्वस्तात देतो" म्हणत असेल, तर पुढे जाऊ नका. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा म्हणून तेच बुकिंग जोडणार आहात. ते ऐन वेळी रद्द झालं तर भुर्दंड तुमचाच.

स्वयंपाकघर मिळतं हे मात्र खरं. चौघांचं घर, सहा-सात रात्री, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात जमला की खर्च खरंच आटोक्यात राहतो. दोन रात्रींसाठी फ्लॅट घेतलात तर सफाईचा एकरकमी आकार सगळी बचत खातो.

"शहराबाहेर स्वस्त." इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. पूर्वी लांबच्या झोनचं तिकीट महाग पडायचं. जानेवारी २०२५ मध्ये ती पद्धत गेली आणि मेट्रो व उपनगरी गाड्यांना सगळ्या प्रदेशात एकच तिकीट झालं (२०२५ मध्ये ते २.५० युरो होतं; विमानतळाचं वेगळं, तेव्हा १३ युरो). म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला, वेळेचा उरला. मेट्रोचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो. गुरुवारी उतरून तो काढणाऱ्याच्या हातात चारच दिवस येतात.

पण वेळेचा खरा घोळ स्टेशनांचा. 'पॅरिस स्टेशन' नावाचं एक स्टेशन नाहीच. ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, लंडनच्या गाड्या गार द्यू नोरवरून सुटतात, स्ट्रासबुर्गच्या गार द लेस्तवरून, लियों-मार्सेय आणि स्वित्झर्लंडच्या गार द लियोंवरून, बोर्दोच्या मोंपारनासवरून. सीएसएमटीच्या गाडीसाठी एलटीटीला जाऊन उभं राहण्यासारखं होतं. त्यात टीजीव्हीचे, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान गाड्यांचे, दरवाजे वेळेआधी दोन मिनिटं बंद होतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी गाड्या ठरवा, मग त्या स्टेशनला सरळ जाणाऱ्या मेट्रोवर फ्लॅट शोधा. पहाटेच्या गाड्या गार द लियोंवरून असतील तर भाडं थोडं जास्त देऊन तिकडेच राहा.

"पास काढा, वाटेल त्या गाडीत चढा." सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना ते लागू आहे, आणि बहुधा तिथल्याच अनुभवावर कुणीतरी लिहिलं असावं. फ्रान्समध्ये टीजीव्हीला पास असला तरी रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, त्याचे पैसे वेगळे. लंडनला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागाच मोजक्या. विगो या स्वस्त गाड्यांत पास चालतच नाही. आरएसी नाही, उभ्याने जायची सोय नाही.

मुक्काम पॅरिसमध्ये आणि लांबच्या फेऱ्या दोन, एवढाच बेत असेल तर पास कशाला? सुटी तिकिटं काढा. टीजीव्हीचे दर विमानासारखे चढत जातात. आपल्या रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तिथलं साधारण तीन-चार महिने आधी. लवकर घेतलेलं तिकीट पासपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

राहिलं लंडन. गाडी सव्वादोन तासांत पोचते, खरं आहे. पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. तो काढलात आणि शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा, ब्रिटन त्यात नाही) एकाच प्रवेशाचा असला, तर संध्याकाळी परतीच्या गाडीआधी लंडनच्या स्टेशनातच फ्रेंच पोलीस पासपोर्ट तपासतात आणि तिथेच अडवतात. बॅगा मात्र पॅरिसच्या फ्लॅटवर.