मेनूच दिसत नाही, क्लिक कुठे करू?

हे बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना एकदा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आणून संध्याकाळी सहा वाजता माझ्या खुर्चीत बसवायचंय. गेटवर चाकणला जाणारा टेम्पो भरून उभा, आणि ई-वे बिल (गाडीने माल न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) निघत नाही.

विकताना काय गोड बोलले! "मॅडम, मार्केटप्लेसमधून, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधल्याच दुकानातून, अ‍ॅप टाका, बिलावरूनच ई-वे बिल निघेल." हेल्पमध्ये लिहिलंय, सेटिंग्जमध्ये जा, इंटिग्रेशन उघडा, मार्केटप्लेस दिसेल. कुठे दिसेल? माझ्या सेटिंग्जमध्ये प्रोफाइल, भाषा आणि थीम. संपलं. सपोर्टवाल्याने बऱ्याच वेळाने सांगितलं, की ते आधी अ‍ॅडमिनने चालू करायचं, मग माझ्या रोलला परवानगी द्यायची, मग मी लॉगआउट करून परत आत यायचं. अरे, मग "तुम्हाला परवानगी नाही, अ‍ॅडमिनला सांगा" एवढी एक ओळ स्क्रीनवर टाकायला काय धाड भरली होती? नाही, आख्खा मेनूच गायब करायचा. आम्ही बसलोय ब्राउझर बदलत, कॅशे साफ करत.

बरं, अ‍ॅडमिन कोण? शेठ. सोमवार, म्हणजे शेठ त्र्यंबकला, फोन बंद. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी खिडकीत. "मॅडम, झालं का?" नाही झालं बाबा!

रात्री शेठनी एकदाचं चालू करून दिलं. तर अ‍ॅपचे पैसे वेगळे, तेही डॉलरमध्ये. त्याला आमच्या सगळ्या पार्ट्या आणि सगळी बिलं वाचायची परवानगी हवी. (ई-वे बिलाला माझी खरेदीची बिलं कशाला लागतात?) वर ई-वे बिलाच्या पोर्टलवर जाऊन जीएसपीची (पोर्टलशी जोडून देणाऱ्या मधल्या कंपनीची) नोंदणी करा, वेगळं युजरनेम, वेगळा पासवर्ड. आणि त्याचा ओटीपी कुठे जातो? शेठच्याच मोबाईलवर!

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल 1 लाखाच्या वर गेला की ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर 50 हजारांच्या वर. सरकारी पोर्टलवर ते फुकट निघतं. त्या दिवशी टेम्पो गेला तो तिथेच हाताने एचएसएन (मालाचा कोड), गाडी नंबर टाइप करून. आणि शिव्या मात्र सगळे सरकारी साइटला घालतात.

शेठना स्पष्ट सांगितलंय, मला अ‍ॅडमिन करा, नाहीतर ई-वे बिलं तुम्हीच काढा. म्हणतात, बघू.