‘भंगार’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

सेकंडहँड घेतलेल्या टू-इन-वनबद्दल, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेल्या यंत्राबद्दल, मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “हे भंगार मिरवण्यात काय अर्थ? फोनचा आवाज याहून स्वच्छ. सेलचा खर्च वेगळाच. आणि कॅसेटची फीत ४ मिलिमीटर रुंद नसते.”

रुंदीचं मान्य. ती ३.८१ मिलिमीटर असते. मी ढोबळ आकडा दिला होता, लेखात दुरुस्त केलाय.

पण ‘भंगार’? मतभेद असू द्या, शब्द तरी जपून वापरा. यंत्र घरी आणलं तेव्हा मोटर फिरत होती, कॅसेट मात्र ढिम्म. मागचं झाकण उघडलं तर रबरी बेल्टचं पार डांबर झालेलं. पुलीच्या खाचेतला तो काळा चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. नवा बेल्ट चढवला, फितीवरचा आवाज वाचणारं हेड पुसलं. कापसावर तपकिरी डाग उमटला, फितीवरून झडलेल्या आयर्न ऑक्साईडचा. तरीही गाणं उशीखालून आल्यासारखं. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू प्लेबॅक चालू असतानाच पाव आट्याहून कमी फिरवला आणि झांज लख्ख ऐकू आली! हेडमधली फट फितीच्या लांबीशी काटकोनात आली की असं होतं. जी वस्तू एवढ्याशा हातभाराने पुन्हा गाऊ लागते, तिला भंगार म्हणायला जीभ कशी रेटते तुमची?

वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांनी माझ्या हातात पहिला स्क्रू ड्रायव्हर दिला, तो टेप उघडायलाच. गुंतलेली रिळं पेन्सिल घालून गुंडाळत मी मोठा झालो. बेल्ट सैल पडला की सूर डुलायला लागतो, ते मला दुसऱ्या खोलीतून कळतं. तेव्हा आवाज कसा ऐकायचा हे कृपा करून मला शिकवू नका.

फोनचं म्हणाल तर असेल स्वच्छ. मी तुलना केलीच नव्हती. सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने फीत सरकताना समोर दिसते, सी-साठची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ३० मिनिटांनी खट्‌कन थांबते, आणि ती उलटायला मी उठतो. मला हे आवडतं, एवढंच लिहिलं होतं.

आणि सेल? यंत्र वायर जोडून चालवतो, हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाहीत.