ऑल्टोचे विमान करू पाहणाऱ्यांसाठी काही सूचना

वडिलांनी वापरून जुनी केलेली ऑल्टो आपल्या वाट्याला आली असेल आणि तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाच्या सुमारे ४८ अश्वशक्तीत आपल्या पराक्रमाचे भागत नसेल, तर निराश होण्याचे काहीच कारण नाही. डिकीत नायट्रस ऑक्साइडची टाकी बसवावी, तिच्यातून एक नळी इंजिनापर्यंत न्यावी आणि स्टिअरिंगवर एक लाल बटण लावून घ्यावे. असे काम करून देणारे कुशल हात साताऱ्यात उपलब्ध आहेत, याची खात्री आम्हांला गेल्याच रविवारी यवतेश्वर घाटात पटली.

या गॅसमागचे शास्त्र निर्दोष आहे. नायट्रस स्वतः जळत नाही. इंजिनात सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन होते आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषून घेतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमाने उंचावरच्या विरळ हवेत हीच युक्ती जीएम-१ या नावाने वापरत असत. साताऱ्यात हवा तितकी विरळ नाही, अजिंक्यताऱ्यावर चढून गेले तरी ती पुरेशी मिळते. पण मित्रांना सांगायला इतिहास बरा असतो.

पेट्रोलचा विचार मात्र मुळीच करू नये. ऑक्सिजन वाढला की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवावे लागते, म्हणून जाणकार मंडळी गॅसबरोबरच जादा पेट्रोल सोडतात किंवा ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, नव्याने जुळणी करून घेतात. मग थंड प्रकृतीचे प्लग घालतात, ठिणगी काही अंश उशिरा पडेल अशी व्यवस्था करतात आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असल्याशिवाय व इंजिन तीनेक हजार फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय गॅस सुटणारच नाही, असा स्विच बसवतात. यात पैसा पुष्कळ जातो आणि बाहेरून त्यातले काहीही दिसत नाही. दिसते ती टाकी, म्हणून खर्च टाकीवरच करावा. आमच्या मागून आलेल्या वीराने नेमके हेच केले होते. चढाच्या वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन धापा टाकत असताना त्याने आम्हांला मागे टाकण्यासाठी ते बटण दाबले. मंद फिरणाऱ्या इंजिनात एवढा ऑक्सिजन एकदम सोडला की पिस्टनला खाली सरकायला सवड मिळण्याआधीच सिलिंडरमधला दाब भलताच चढतो आणि त्याचा सगळा भार कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या दांडीवर, येतो. तो रॉड ४८ अश्वशक्तीच्या हिशेबाने घडवलेला असतो, कुणाच्या उत्साहाच्या हिशेबाने नव्हे. आम्हांला ओलांडून तो जेमतेम पुढे गेला, आधी खडखड ऐकू आली, मग एकच दणका बसला आणि रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. बोनेटखालून निळसर धूर निघू लागला आणि काळे ऑइल उतारावरून आमच्या दिशेने ओघळत आले. गाडी आडवी, वेळ संध्याकाळची आणि कासहून परतणारी गर्दी समोर. पुढे घाटात काय झाले असेल, हे सातारकरांना सांगण्याची गरज नाही. आम्ही उतरून त्याच्यापाशी गेलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, फक्त पन्नासचाच शॉट होता." इंजिन ४८ अश्वशक्तीचे, त्यात आणखी पन्नास कोंबायचे आणि वर 'फक्त' म्हणायचे! ज्या मेकॅनिकने हे बसवून दिले, त्याला गॅसची नळी जोडता येते, पण भागाकार येत नाही, असेच म्हणावे लागेल.

टायर १४५ मिलिमीटर रुंदीचेच ठेवावेत आणि मागचे ड्रम ब्रेकही तसेच राहू द्यावेत, कारण वेगाने जाणाऱ्याला थांबण्याशी काय कर्तव्य?

टाकी उन्हात तापू द्यावी. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस कितीही दाब दिला तरी द्रवरूपात राहत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पोवई नाक्याजवळ काचा बंद करून गाडी उभी केली, तर डिकीतले तापमान हा आकडा लीलया ओलांडते. दाब चढत जातो, नळीतून द्रवाऐवजी नुसता वायू येऊ लागतो आणि उरलेसुरले गणितही कोलमडते. दाब फारच वाढला तर टाकीची सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस मोकळा होतो. तो गाडीबाहेर नेणारी नळी आपण बसवलेली नसतेच, तेव्हा मागे बसलेल्या धाकट्या बहिणीला श्वास घ्यायला हवा पुरेल का, हा प्रश्न तिच्यावरच सोपवावा.

साडेचार किलोची टाकी एकूण काही मिनिटेच पुरते, हे घरी सांगू नये.

आर.टी.ओ.च्या वाटेला जाऊ नये. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले आहे. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मालक म्हणून आर.सी. बुकावर अजून वडिलांचेच नाव आहे, ही त्यातली मोठी सोय. विमा कंपनीला यातले काही कळवलेले नसतेच, त्यामुळे दावा फेटाळला गेला तर ते पत्रही त्यांच्याच नावाने येईल.

आता सूचना पुरे झाल्या. अरे, तुझे इंजिन गेले याचे आम्हांला काडीचे दुःख नाही. ते तुझ्या बापाच्या पैशाचे होते, तुम्ही आपसांत पाहून घ्या. पण तुझ्या ऑइलवरून वरच्या गावातून दूध घेऊन येणारा एक माणूस गाडीसकट घसरला, ते तू पाहिलेस का? हँडल वाकले, कोपर सोलून निघाले, कॅनचे झाकण उडाले आणि सगळे दूध त्या काळ्या ऑइलमध्ये गेले. एस.टी.चा कंडक्टर आणि चार प्रवासी खाली उतरून कडेची माती ओंजळीने ऑइलवर टाकत होते, आणि तू बोनेटला टेकून मेकॅनिकला फोनवर विचारत होतास की, टाकीत गॅस किती शिल्लक असेल. लाज वाटली नाही? घाटातला रस्ता तुझ्या एकट्याचा नाही आणि ते वळण तुझ्या हौसेसाठी कापलेले नाही. नवीन ब्लॉकची चौकशी करण्याआधी त्या माणसाच्या दुधाचे, हँडलचे आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे नेऊन दे. मोबाइलवरून पाठवू नकोस. त्याच्या दारात जाऊन, समोर उभा राहून दे.