क्रोमबुक म्हणजे नेट गेलं की डबा? अजिबात नाही

पालकांच्या ग्रुपवर क्रोमबुकबद्दल (म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) परत तोच मेसेज फिरतोय: "क्रोमबुक घेऊ नका, नेट गेलं की नुसता डबा, स्टोरेज नाही, चार-पाच वर्षांत अपडेट बंद, त्याच पैशात विंडोजचा लॅपटॉप येतो." हे वाचून लोक पोरांसाठी भलतंच मशीन घेऊन बसतायत म्हणून लिहितोय.

आधी नेटचं बघू. पहिलं साइन-इन नेटशिवाय होत नाही, हे खरं, पण एकदा ते झालं की नेट नसतानाही मशीन उघडतं, डाउनलोड केलेली पीडीएफ वाचता येते, गूगल डॉक्समध्ये निबंध लिहिता येतो आणि नेट आलं की तो आपोआप गूगल ड्राइव्हवर (गूगलच्या ऑनलाइन स्टोरेजवर) चढतो. फक्त डॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनचं बटण नेट असतानाच चालू करून ठेवायचं आणि जी फाइल लागणारच आहे तिच्या तीन टिंबांवर क्लिक करून ती ऑफलाइन ठेवायची, हे दोन मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि वायफाय गेलं की शिव्या मशीनला.

अपडेटचा मुद्दा तर जुना झालाय. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलने 10 वर्षं अपडेट देणार असं जाहीर केलं. पण एक लक्षात ठेवा, ही 10 वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आतलं मूळ हार्डवेअर, बाजारात आला तेव्हापासून मोजतात, त्यामुळे सेकंडहँड किंवा सेलमधलं जुनं मॉडेल घेताना सेटिंग्जमध्ये 'क्रोमओएसबद्दल' मध्ये जाऊन शेवटच्या अपडेटची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टोरेजची तक्रार मात्र बरोबर आहे. स्वस्त मॉडेलमध्ये 32 नाहीतर 64 जीबी, बहुतेकदा बोर्डावरच बसवलेली, म्हणजे नंतर वाढवता येत नाही, आणि गूगलची फुकटची 15 जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत मिळून.

पण मग "त्याच पैशात विंडोज" म्हणजे काय मिळतं? विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज लागतं, आणि स्वस्तातल्या मशीनमध्ये बरेचदा नेमकं तेवढंच असतं! मोठं अपडेट आलं की जागा रिकामी करत बसा, चार टॅब उघडले की रखडलं. तेवढ्याच रॅमवर क्रोमओएस बरंच हलकं चालतं.

घरात हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर लागत असेल, तर सरळ विंडोजच घ्या, टॅलीप्राइम क्रोमओएसवर इन्स्टॉलच होत नाही. क्रोमबुक न घेण्याचं हे खरंखुरं कारण, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.